आण्णा काय म्हणाले

“पेशंटला मुलगा नाही का?” काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

“आहे की,” मी म्हणाले. “तो काय, खांबाला टेकून उभा आहे.”

“मग त्यांना बोलवा. सही मुलाचीच घेतो आम्ही.”

“मी थोरली मुलगी आहे. माझी चालत नाही का?”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, मग जयसिंगकडं पाहिलं. त्यानं मुद्दाम तोंड फिरवलं होतं. मग कागद पुढं सरकवला. ‘रुग्णास आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत. पुढील परिणामांस रुग्णालय जबाबदार राहणार नाही.’ छापील मजकूर. खाली नाव, सही आणि रुग्णाशी नातं. मी लिहिलं, शालन बाबूराव माने, मुलगी. पेन नीट चालत नव्हतं, म्हणून ‘मुलगी’ दोनदा गिरवलं.

दोन हजार आठ सालातला फेब्रुवारी. मिरजेच्या त्या दवाखान्यात आण्णांना अठरा दिवस झाले होते.

आण्णा म्हणजे आमचे वडील, श्रीपती खोत. साखर कारखान्यात पस्तीस वर्षं पॅनमन होते. उसाचा आटवलेला रस बंद भांड्यात शिजवायचा आणि त्यात साखरेचा दाणा धरवायचा, हे पॅनमनचं काम. काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडाकडं धरायचे आणि म्हणायचे, “धरला,” नाहीतर, “अजून न्हाय.” घरातही एवढंच बोलायचे. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली होती. शेवटची चार वर्षं दम लागायचा, आणि त्या वर्षी संक्रांतीनंतर तो दम बसेचना.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, पण स्पष्ट बोलायचे. आदल्या संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं होतं, “फुफ्फुसं निबर झालीत. आता मास्कवर भागत नाही. पुढं घशात नळी घालून मशीनवर ठेवायचं. पण त्यातून ते परत बाहेर येतील, असं मला वाटत नाही.”

“आणि घरी नेलं तर?” मी विचारलं.

“एक दिवस. फार तर दोन. ऑक्सिजन ठेवा, औषधं लिहून देतो. गावात कोणी डॉक्टर आहेत का बघायला?”

“आहेत. मुल्ला डॉक्टर.”

जयसिंग तेव्हा एकदम म्हणाला, “पुण्याला नेलं तर?”

“न्यायला कोणी अडवणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “तिथंही हेच सांगतील.”

बाहेर आल्यावर आमचं भांडण झालं. जयसिंग माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर होता. आई गेली तेव्हा तो गुजरातेत कामावर होता आणि पोचला तेव्हा राख भरायची वेळ झाली होती. त्या गोष्टीला नऊ वर्षं होऊन गेली होती, तरी ती त्याच्या आतून गेलेली नव्हती.

“नळी घालू दे,” तो म्हणाला. “आठ दिवस तर मिळतील.”

“त्यांचे हात बघितलेस का तू?”

मास्क घट्ट बसायचा, आण्णा तो ओढून काढायचे. म्हणून त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं कॉटच्या दांडीला बांधलेले असायचे. दवाखान्याचाही नाइलाज होता, मास्क काढला की ओठ निळे पडायचे. पण मी भेटायला गेले की आण्णा माझ्याकडं बघायचे, मग मनगटाकडं बघायचे, मग परत माझ्याकडं. मास्कमुळं बोलता यायचं नाही. मनगटावर पट्टीचे वळ उठले होते.

“बघितलेत,” जयसिंग म्हणाला. “म्हणून काय मरायला न्यायचं?”

“घरी न्यायचं.”

“एकच झालं.” मग तोच म्हणाला, “तू ठरव. माझ्याच्यानं सही व्हायची नाही.”

अशी माझी सही झाली.

गाडीत आण्णा डोळे मिटून होते. साधा मास्क, शेजारी सिलिंडर, हात मोकळे. एक हात मी धरला होता, दुसरा जयसिंगनं. दीड तासाचा रस्ता. कारखान्याच्या फाट्याला उसाच्या बैलगाड्या होत्या म्हणून गाडी हळू झाली, तसा मळीचा वास आत आला. आण्णांनी डोळे उघडले.

“चालूय?” त्यांनी विचारलं. अठरा दिवसांतला पहिला शब्द.

“काय आण्णा?”

“कारखाना.”

“चालूय की,” जयसिंग म्हणाला. “हंगाम आहे.”

आण्णांनी मान हलवली आणि परत डोळे मिटले.

घर तीन खोल्यांचं, निवृत्तीनंतर आण्णांनीच बांधलेलं. जयसिंगची बायको सुरेखा आदल्या दिवशीच येऊन बसली होती. तिनं मधली खोली रिकामी करून, पुसून, ओट्याकडच्या खिडकीखाली कॉट टाकली होती. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात तीस-चाळीस माणसं होती. आमच्याआधी फोन पोचले होते. आण्णांना उतरवताना बायका रडल्या. कुणीतरी तुळशीचं पान आणि गंगाजलाची बाटली कॉटच्या उशाशी आणून ठेवली. भाऊबंदांतले दोघं मागच्या बाजूला तिरडीच्या बांबूंचं हळू आवाजात बोलत होते, ते मला ऐकू आलं.

आण्णांनी पाणी मागितलं. चमच्यानं तीन चमचे प्यायले आणि झोपले.

पहिला दिवस गेला. दुसराही गेला. माणसं अंगणात सतरंजीवर बसून होती. सुरेखा आणि मी आळीपाळीनं चहा टाकत होतो. तिसऱ्या दिवशी लोक घड्याळाकडं बघायला लागले. वाईट कुणाच्या मनात नव्हतं, पण ऊस तोडीला आलेला, कुणाची रजा संपलेली. येडेमच्छिंद्र गावची आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “जीव कशात तरी अडकलाय गं त्याचा. कुणाला बघायचं राहिलंय का?” मग ज्याला त्याला बोलावून आणून कॉटपुढं उभं केलं. आण्णा डोळे उघडायचे, ओळखायचे, परत मिटायचे. कुणातच जीव अडकलेला दिसला नाही.

चौथ्या दिवशी माझे यजमान म्हणाले, “मी निघतो आता. शाळेत परीक्षा सुरू आहेत. काही झालं तर कळव.” संध्याकाळपर्यंत अंगण रिकामं झालं. सतरंजी सुरेखानं झटकून घडी घातली.

आणि त्याच संध्याकाळी आण्णा म्हणाले, “भाकरी हाय का?”

मी भाकरी दुधात कुस्करून पातळ केली. त्यांनी अर्धी वाटी खाल्ली. खाताना मधे मधे मास्क लावावा लागत होता, पण खाल्ली. पाचव्या दिवशी सकाळी उशाला दोन लोड देऊन बसले आणि गालावरून हात फिरवत जयसिंगला म्हणाले, “लई वाढलीय.”

जयसिंगनं पाणी गरम केलं, वस्तरा आणला, त्यांची दाढी केली. तासभर लागला. मास्क बाजूला करायचा, दोन हात फिरवायचे, परत लावायचा. मी दारातून बघत होते. झाल्यावर त्यानं आरसा धरला. आण्णांनी बघितलं आणि म्हणाले, “आता बरं दिसतंय.”

जयसिंग बाहेर आला तो वेगळाच होऊन. “बघितलंस आक्का? दोन दिवस म्हणाला होता तो डॉक्टर. आज पाचवा. चुकलंय आपलं. तिथनं काढायलाच नको होतं.”

दुपारी मुल्ला डॉक्टर मोटारसायकलवरून आले. आण्णांशी कारखान्याच्या गप्पा मारल्या, छाती तपासली, पाय दाबून बघितले. बाहेर आल्यावर ओट्यावर बसले.

“मधे असं वाटतं बरं,” ते म्हणाले. “हात मोकळे झाले, घरचं माणूस दिसलं, झोप लागली. पण छातीत आवाज तोच आहे, जयसिंग. पायाला सूज चढलीय. नखं बघ त्यांची.”

“भाकरी खाल्ली त्यांनी.”

“खाऊ दे. मागतील ते द्या.”

“डॉक्टर, तुम्ही ताप-खोकल्याची औषधं देता,” जयसिंग म्हणाला. “यातलं तुम्हाला काय कळतंय?”

मला शरमेनं वर बघवेना. मुल्ला डॉक्टरांनी आमच्या आईलाही शेवटपर्यंत बघितलं होतं. ते उठले, पिशवी उचलली, म्हणाले, “उद्या येतो,” आणि गेले.

जयसिंग उरलेला दिवसभर फोनवर होता. पुण्यात ओळखीचं कुणीतरी सापडलं, कुठल्यातरी मोठ्या दवाखान्यात ‘आणा, बघू’ म्हणाले. सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दारात एक मोठी ॲम्ब्युलन्स येऊन थांबली. आत मशिनं, दोन पांढऱ्या कपड्यांतली माणसं. शेजारपाजारचे लोक कुंपणाशी जमले. त्यांना वाटलं, झालं. सुरेखानं हातानंच नाही-नाही म्हणून सांगितलं.

“मला विचारायचं तरी होतंस,” मी जयसिंगला म्हणाले.

“तू सही करताना किती विचारलंस?”

“तूच म्हणालास, तू ठरव.”

“तेव्हा म्हणालो. आता मी ठरवतोय.” त्याचा आवाज चढला. “तुला मोकळं व्हायचं होतं, आक्का. अठरा दिवस बसून कंटाळली होतीस. तुला घरी जायचं होतं, म्हणून त्यांना घरी आणलंस.”

ते अगदीच खोटं नव्हतं. दवाखान्याच्या त्या बाकावर बसून माझी कंबर गेली होती आणि कधी एकदा हे संपेल असं मला वाटलं होतं, एकदा नव्हे, रोज. 

“तिथं परत हात बांधतील,” एवढंच मी म्हणाले.

“बांधू देत! श्वास चालू राहतोय ना?”

“नळी घातली की बोलता यायचं नाही त्यांना. आत्ता दोन शब्द तरी बोलतात.”

“दोन शब्दांसाठी त्यांना मरू देऊ?”

सुरेखा आमच्या भांडणात कधी पडायची नाही. ती ओट्याच्या पायरीवरून म्हणाली, “अहो, तुम्ही दोघं किती बोलताय. त्यांना विचारा की कुणीतरी. शुद्धीवर आहेत ते.”

सहा दिवस आम्ही त्यांना पाणी पाहिजे का, कूस बदलायची का, लाइट डोळ्यांवर येतोय का, सगळं विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं.

“तू जा,” जयसिंग मला म्हणाला. “मी विचारलं तर माझं मन राखायला हो म्हणतील. तुझ्यापुढं खरं बोलतील. जे म्हणतील ते मला मान्य.”

“नक्की?”

“आण्णांची शपथ.”

मी आत गेले आणि दार लोटून घेतलं. आण्णा जागे होते. मी कॉटच्या कडेला बसले. पाच मिनिटं असेन आत. मग बाहेर आले. जयसिंग दाराशीच उभा होता.

“नको म्हणतायत,” मी म्हणाले. “इथंच बरं आहे म्हणाले.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मग पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. सुरेखानं ॲम्ब्युलन्सच्या माणसांना चहा दिला. त्यांनी उभ्या उभ्या तो प्याला, गाडी मागं घेताना शेजारच्या पोरांना ओरडून बाजूला केलं, आणि गाडी गेली. धूळ खाली बसल्यावर जयसिंग उठून आत गेला. अर्ध्या तासानं बाहेर आला तेव्हा डोळे सुजलेले होते, पण आवाज शांत होता.

“सिलिंडर बदलायचा पाना कुठं ठेवलाय?” त्यानं विचारलं.

त्यानंतर तो एकदाही पुण्याचं बोलला नाही. दुपारी स्वतः मुल्ला डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन आला. काय बोलणं झालं माहीत नाही, पण डॉक्टर संध्याकाळी आले आणि दोघांनी मिळून आण्णांची कॉट खिडकीपासून थोडी आत ओढली, कारण ऊन लागत होतं.

त्या वर्षी लोडशेडिंग फार होतं. दिवसाचे सात-आठ तास वीज नसायची. पंखा बंद पडला की जयसिंग वर्तमानपत्रानं वारा घालायचा. तो आण्णांजवळच असायचा. मला वाटतं, शाळा सुटल्यापासून त्या दोघांनी एवढे दिवस एका खोलीत काढले नव्हते. बोलणं असं काही नसायचं. एकदा मी आत गेले तर जयसिंग विचारत होता, “दाणा धरलाय हे कसं कळायचं हो आण्णा?” आणि आण्णा मास्क बाजूला करून एकेक शब्द सांगत होते, “दिसतं... की. बघत... ऱ्हायचं.”

सातव्या-आठव्या दिवशी खाणं थांबलं. नवव्या दिवशी बोलणं थांबलं. दहावा दिवस मंगळवार होता. दुपारचे तीन वाजले होते, वीज गेलेली होती. सुरेखा पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होती. मी मोरीत कपडे पिळत होते.

“आक्का, ये,” जयसिंगनं हाक मारली. मोठ्यानं नाही.

मी ओल्या हातांनी गेले. आण्णांचा एक श्वास यायचा आणि मग बराच वेळ काहीच नाही. मग परत एक. जयसिंगनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. सुरेखा पाणी घेऊन आली. जयसिंगनं चमच्यानं थोडं ओठांवर सोडलं, ते आत गेलं नाही, हनुवटीवरून ओघळलं. त्यानं आपल्या शर्टानं पुसलं. आणखी दोन श्वास आले. तिसऱ्याची आम्ही वाट बघितली.

“गेले,” सुरेखा म्हणाली.

जयसिंग रडला नाही. मास्क काढला, सिलिंडरचा पाना फिरवून बंद केला आणि म्हणाला, “मी होतो इथं.” हे तो मला सांगत होता की आणखी कुणाला, कुणास ठाऊक.

एवढ्यावर ते संपायला पाहिजे होतं. पण जयसिंगला त्या दिवसांनी एक बळ दिलं होतं आणि ते तो वाटत सुटला. कुणाचंही माणूस दवाखान्यात अडकलं की तो जायचा, नातेवाइकांना बाजूला घ्यायचा आणि सांगायचा, “पेशंटला विचारा. आमच्या आण्णांनी स्वतः सांगितलं, नको म्हणून. दारातली ॲम्ब्युलन्स परत पाठवली मी.” लोकांना ते पटायचं. दोन-तीन घरांत त्याच्या शब्दावर माणसं घरी आणली गेली. तो हे सांगायला लागला की मी उठून स्वयंपाकघरात जायची, नाहीतर पाणी आणायला. चौदा वर्षं माझं असं चाललं.

दोन हजार बावीसच्या डिसेंबरात सुरेखाची आई आजारी पडली. कराडला ॲडमिट होती. सुरेखाच्या दोघा भावांत तेच सुरू झालं, न्यायचं की ठेवायचं. जयसिंगनं मला फोन केला, “तू ये. तू स्वतः आण्णांना विचारलं होतंस. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना पटेल.”

मी गेले. दवाखान्याच्या बाहेर आवारात सिमेंटचा बाक होता, तिथं जयसिंग बसला होता. आता त्याचेही केस पांढरे झालेले. आत जायला तो उठला, तर मी त्याचा हात धरून खाली बसवला.

“मला आत जाऊन ते सांगता यायचं नाही,” मी म्हणाले.

“का?”

“आण्णा नको म्हणाले नव्हते.”

त्याला आधी कळलंच नाही. “म्हणजे?”

“त्या दिवशी मी आत गेले. म्हटलं, आण्णा, दारात ॲम्ब्युलन्स आलीय, पुण्याला न्यायची म्हणतायत, जायचं का? त्यांनी विचारलं, ‘जयसिंग काय म्हणतोय?’ मी म्हणाले, तो जाऊ म्हणतोय. तर म्हणाले, ‘मग जाऊ या. त्याच्या मनाला रुखरुख ऱ्हायला नको.’”

जयसिंगनं माझ्या हातातला आपला हात काढून घेतला.

“मी परत विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, ‘जाऊ या म्हटलं न्हवं.’ मी थोडा वेळ बसून राहिले. त्यांचा हात माझ्या हातात होता, मनगटावरचे वळ अजून गेले नव्हते. मग मी बाहेर आले आणि तुला म्हणाले, नको म्हणतायत.”

समोरून एक बाई जेवणाचा डबा घेऊन गेली. ती आत जाईपर्यंत जयसिंग तिच्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता तो उठून जाईल. आमचं बोलणं बंद होईल, ते मी धरूनच आले होते.

“मी आत गेलो होतो ना नंतर?” तो शेवटी म्हणाला. “गाडी गेल्यावर.”

“हो. अर्धा तास होतास.”

“मी विचारलं त्यांना. तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हटलं, आण्णा, तुम्ही नको म्हणालात? खरंच?”

“मग?”

“म्हणाले, ‘व्हय. आक्काला सांगितलं की मी.’”

मधल्या खोलीची खिडकी तेव्हा उघडी होती, पायरी खिडकीजवळच. आमचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं असणार, माझं खोटंही.

“एवढंच म्हणाले?”

“नाही.” जयसिंग पुढं सांगायला लागला. “मी म्हणालो, आण्णा, मी काय केलं नाही असं व्हायला नको. तर म्हणाले, ‘तू हाईस न्हवं हितं. मग दवाखाना कशाला पायजे?’ त्या एका वाक्यावर मी चौदा वर्षं काढली, आक्का.”

ऊन आमच्या पायावर आलं होतं, पण कुणी सरकलं नाही.

“म्हणजे तुझ्यासाठी हो म्हणाले,” मी म्हणाले.

“आणि तुझ्यासाठी नको.”

“मग त्यांना स्वतःला काय पाहिजे होतं?”

“घरीच असणार,” तो म्हणाला. मग लगेच म्हणाला, “काय माहीत. जगायचंही असेल.”

दाराशी सुरेखा आली. तिचे दोन्ही भाऊ तिच्या मागं होते. “आत येताय ना?” तिनं विचारलं. “आई जागी आहे. आणि हे दोघं तुमचीच वाट बघतायत, आण्णांचं ऐकायला.”

जयसिंग माझ्याकडं बघायला लागला. “काय सांगू?”

“झालं ते सांग,” मी म्हणाले. “सगळं.”

“तू खोटं बोललीस, ते पण?”

“ते पण.”

तो उठला. पायऱ्या चढताना त्यानं कठड्याला हात लावला, आता गुडघे दुखायचे त्याचे. वर पोचल्यावर दोघा भावांना त्यानं भिंतीशी घेतलं आणि बोलायला लागला. मला ऐकू येत नव्हतं. दर वेळी दोन मिनिटांत संपवायचा, आज बराच वेळ लागत होता. मधेच त्यानं माझ्याकडं बोट केलं. दोघा भावांनी वळून माझ्याकडं पाहिलं, सुरेखानंही पाहिलं.

मग मी उठले, पदर नीट केला आणि त्यांच्याकडं चालत गेले.